सही कुणाच्या हातात आहे?

कारखान्याच्या गेटमधून आत गेलं की सूचनाफलक दिसतो. त्यावर पाळ्यांचं वेळापत्रक, सुट्ट्यांची यादी, किमान वेतनाचा तक्ता, आणि कुठेतरी कोपऱ्यात लॅमिनेट केलेला एक कागद: 'कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ, अंतर्गत समिती'. खाली पाच नावं आणि फोन नंबर. गेली काही वर्षं मी अशा समित्यांवर बाह्य सदस्य म्हणून जाते आहे, आणि गेल्यागेल्या तो कागद वाचायची सवय लागली आहे. एका ठिकाणी त्या कागदावरच्या पीठासीन अधिकारी, म्हणजे समितीच्या प्रमुख, बाईंना नोकरी सोडून दीड वर्ष झालं होतं. दुसऱ्या ठिकाणी सगळा मजकूर इंग्रजीत होता, आणि लाइनवरच्या बायकांपैकी कुणालाच तो वाचता येत नव्हता. तिसऱ्या ठिकाणी फलक चक्क एच.आर.च्या केबिनमध्ये टांगलेला होता. तिथे जायचं तर आधी सुपरवायझरची परवानगी काढावी लागायची. कशासाठी जायचंय, हेही त्याला सांगावं लागायचं.

या चुका दुरुस्त होण्यासारख्या आहेत. मी सांगते, ते करतात, पुढच्या वर्षी पुन्हा तसंच होतं, पुन्हा सांगते. पण मला आता असं वाटायला लागलं आहे की तो कागद अगदी बिनचूक असला, मराठीत असला, कॅन्टीनच्या दारावर असला, तरी त्यानं छळ थांबत नाही. छळ झाल्यावर कुठे जायचं एवढंच तो सांगतो. होऊच नये म्हणून काय केलं, या प्रश्नाचं उत्तर त्या कागदावर नाही, आणि बहुतेक कंपन्यांकडेही नाही.

हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं ते एका पॅकिंग विभागातल्या तक्रारीनंतर.

बाई तिशीतली, ठेकेदारामार्फत लागलेली. पगार इतका की रविवारच्या ओव्हरटाइमशिवाय महिना निघत नाही. रविवारी कुणाला बोलवायचं ती यादी एकटा सुपरवायझर करायचा. शनिवारी दुपारी चारच्या सुमारास तो लाइनवरून फिरायचा आणि बोटानं दाखवायचा: तू, तू, आणि तू. मग हिला म्हणायला लागला, तुझं नक्की नाही, रात्री फोन कर, सांगतो. रात्री फोन केला की यादीबद्दल एक वाक्य आणि मग भलतंच बोलणं. नवरा कुठे आहे, काय घातलं आहेस. लाइनवर टेप लावताना मागे येऊन उभा राहायचा, खोके तपासतो म्हणून पाठीवर हात ठेवायचा. तिनं फोन करणं बंद केलं. त्यानं तिचं नाव घेणं बंद केलं.

समितीसमोर ती आली तेव्हा सोबत एक खिशातली डायरी होती. कुणीतरी विचारलंच, पुरावा काय? ती म्हणाली, पुरावा नाही माझ्याकडे, मी पगाराचा हिशोब दाखवायला आणलाय. ठेकेदार तास खातो म्हणून ती रोजचे तास लिहून ठेवायची. निळ्या पेननं, दुधाच्या हिशोबाच्या शेजारी. मी पानं उलटत गेले. मे महिन्यापर्यंत दर रविवारी आठ, आठ, आठ. त्यानंतर सलग सहा रविवार कोरे. लाइनवर तिच्याइतका वेग असलेल्या दुसऱ्या दोघींना त्याच सहा रविवारी बोलावलेलं होतं. फोनच्या नोंदींत रात्रीचे कॉल कधी थांबले तेही त्याच आठवड्यात. आपल्या हातात केवढा पुरावा आहे हे त्या बाईला माहीत नव्हतं. आमच्यातल्या दोघांनाही ते समजावून सांगायला मला बराच वेळ लागला.

पण चौकशी पुरी व्हायच्या आत तिचा एक अर्ज आला. 'माझी कुणाविरुद्ध काही तक्रार नाही.' सही तिची होती, अक्षर तिचं नव्हतं. डायरीतलं अक्षर मी पाहिलं होतं. ठेकेदारानं तिला सांगितलं होतं की महिनाअखेरीला करार संपतोय, पुढचं बघू. त्या वर्षीच्या वार्षिक अहवालात ही तक्रार 'निकाली' या रकान्यात गेली. अर्जाबद्दलचा माझा आक्षेप मी लेखी दिला, तो फाइलला लागला असेल.

नंतर मी त्या विभागातल्या बायकांशी बोलले. सगळ्यांना माहीत होतं. हिच्याआधी आणखी दोघी होत्या, त्यांनी काम सोडलं. व्यवस्थापकांना खरोखरच माहीत नव्हतं, आणि ते खोटं बोलत होते असं मला आजही वाटत नाही. त्यांनी कधी विचारलंच नव्हतं की ओव्हरटाइमची यादी कोण करतं, कशावरून करतं, ती कुठे लिहिलेली असते का. तीस-चाळीस बायकांच्या घरातला महिन्याचा किराणा एका माणसाच्या बोटावर ठरत होता, आणि ते बोट कुणी तपासत नव्हतं. त्या जागी उद्या कितीही सज्जन माणूस आणून बसवा, व्यवस्था तीच राहते. त्याच्यानंतर कोण येईल ते कुणी सांगावं?

माझं म्हणणं एवढंच आहे. कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ तिथे वाढतो जिथे एकट्या माणसाच्या सहीवर दुसऱ्याचं पोट अवलंबून असतं आणि त्या सहीवर कुणाचा डोळा नसतो. प्रतिबंध करायचा असेल तर ती सही शोधा, ती दोघांत वाटा, ती उघड्यावर आणा. समिती हवीच, पण ती त्यानंतरची गोष्ट आहे.

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा जो आपला कायदा आहे, त्याच्या नावात तीन शब्द आहेत: प्रतिबंध, मनाई आणि निवारण. २०१३ च्या एप्रिलमध्ये त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, ९ डिसेंबर २०१३ पासून लागू झाला. तिन्ही शब्दांतला पहिला सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित. कलम १९ मध्ये मालकाची कर्तव्यं दिली आहेत. त्यातलं पहिलंच कर्तव्य सुरक्षित कामाचं वातावरण देणं हे आहे, आणि त्यात बाहेरून येणाऱ्या माणसांपासूनची सुरक्षितताही धरलेली आहे. म्हणजे ग्राहक, माल आणणारा ड्रायव्हर, पाहुणा, सगळे आले. पण या कर्तव्याचा हिशोब कुणी मागत नाही. मागतात तो समिती आहे का, प्रशिक्षण झालं का, वार्षिक अहवाल पाठवला का, याचा. जे मोजायला सोपं आहे तेवढंच मोजलं जातं.

सहीचं महत्त्व कायदा करणाऱ्यांना कळलं नव्हतं असं नाही. या कायद्याखालच्या नियमांतला नियम ८ वाचा. तक्रार चालू असताना, त्या बाईनं लेखी मागणी केली तर, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तिच्या कामाचं मूल्यमापन करण्यापासून किंवा तिचा गोपनीय अहवाल लिहिण्यापासून थांबवता येतं आणि ते काम दुसऱ्या अधिकाऱ्याकडे देता येतं. म्हणजे लेखणी काढून घेतली की धोका कमी होतो, हे कायद्याला मान्य आहे. फक्त ती काढून घ्यायची कधी, तर छळ होऊन गेल्यावर, बाईनं तक्रार केल्यावर, वर पुन्हा तिनं लेखी मागितल्यावर. तोच नियम आधीपासून, कुणीही तक्रार न करता, सगळ्यांना का लागू नसावा? एकाच माणसानं एकट्यानं कुणाचंही मूल्यमापन, कुणाचाही करार, कुणाचीही पाळी ठरवू नये, एवढंच तर करायचं आहे.

हे अशक्य नाही याचं उदाहरण पुण्यातच आहे. २००७ मध्ये रात्रपाळीला निघालेल्या एका बीपीओ कर्मचारी तरुणीवर कंपनीनं लावलेल्या कॅबच्या चालकानं आणि त्याच्या साथीदारानं बलात्कार करून तिचा खून केला. त्यानंतर या क्षेत्रात एक साधी पद्धत रुळली: गाडीत बाई एकटी उरता कामा नये, पहिली चढणारी आणि शेवटची उतरणारी ती असेल तर सोबत सुरक्षारक्षक हवा. या नियमानं कुठल्याही मुलीला सांगितलं नाही की तू सावध राहा, अंगभर कपडे घाल, रात्री काम करू नकोस. त्यानं गाडीचा मार्ग बदलला, कुणाला आधी सोडायचं तो क्रम बदलला. जबाबदारी तिच्या वागण्यावरून उचलून वाहतुकीच्या वेळापत्रकावर ठेवली. मला अभिप्रेत असलेला प्रतिबंध तो हा. त्यासाठी एका मुलीचा जीव जावा लागला, ही गोष्ट मात्र विसरता येत नाही.

याच्या नेमकं उलट २०२४ मध्ये कोलकात्यात झालं. ऑगस्टमध्ये सरकारी रुग्णालयाच्या सेमिनार रूममध्ये, ड्यूटीवर असलेल्या डॉक्टर तरुणीवर बलात्कार करून तिची हत्या झाली. लांबलचक पाळीत तिला विश्रांतीला धड खोली नव्हती. त्यानंतर राज्य सरकारनं ज्या उपाययोजना जाहीर केल्या त्यात एक होती: महिलांना शक्य तिथे रात्रपाळी देऊ नये. सर्वोच्च न्यायालयानं त्यावर आक्षेप घेतला. सुरक्षा देणं हे सरकारचं काम आहे, बायकांना रात्रीचं काम नाकारणं हा त्यावरचा उपाय नव्हे. हा आक्षेप प्रत्येक कंपनीच्या व्यवस्थापकानं लक्षात ठेवावा. कारण तक्रार आली की पहिला विचार हाच येतो: बायकांना त्या विभागात ठेवायलाच नको, तिचीच बदली करू, टूरवर तिला पाठवू नका. कागदावर ही काळजी दिसते. प्रत्यक्षात तिचा अनुभव कमी होतो, भत्ता बुडतो, बढती लांबते, आणि ज्याच्यामुळे हे घडलं तो जागच्या जागी राहतो.

सही जिथे एकवटलेली आहे अशा जागा शोधायला फार लांब जावं लागत नाही. पीएच.डी.च्या विद्यार्थिनीचा मार्गदर्शक. अकरा महिन्यांच्या करारावरच्या शिक्षिकेचा संस्थाचालक. निवासी डॉक्टरची ड्यूटी लावणारा वरिष्ठ. क्रीडा प्रशिक्षक, ज्याच्या शब्दावर संघात निवड होते. २०२३ मध्ये देशातल्या नामवंत महिला कुस्तीपटू कुस्ती महासंघाच्या अध्यक्षांवर लैंगिक छळाचा आरोप करत दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं, इतकी वर्षं का गप्प होत्या? ज्याच्या हातात तुमची निवड आहे त्याच्याबद्दल खेळत असताना कसं बोलायचं, हे मात्र कुणी विचारलं नाही. त्याच वर्षी मे महिन्यात गोव्याच्या एका प्रकरणाचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानं वर्तमानपत्रातल्या एका पाहणीची दखल घेतली: देशातल्या ३० राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी १६ ठिकाणी कायद्यानुसार अंतर्गत समितीच नव्हती. कायदा येऊन दहा वर्षं झाली होती.

चित्रपटसृष्टी ही अशीच आणखी एक जागा. मलयाळम चित्रपटसृष्टीतल्या बायकांची परिस्थिती तपासायला केरळ सरकारनं २०१७ मध्ये न्यायमूर्ती हेमा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल २०१९ च्या डिसेंबरमध्ये सरकारकडे गेला, लोकांसमोर आला तो २०२४ च्या ऑगस्टमध्ये, काही भाग झाकून. त्या अहवालाच्या बातम्यांमध्ये मोठ्या नावांची चर्चा झाली. माझं लक्ष गेलं ते चित्रीकरणाच्या जागी बायकांसाठी स्वच्छतागृह आणि कपडे बदलायला जागा नसते या भागावर. छळाच्या अहवालात स्वच्छतागृह कशाला, असं कुणाला वाटेल. पण कपडे बदलायला आडोसा मागायलाच जिला कुणाची तरी मर्जी सांभाळावी लागते, तिला नकार द्यायला जागाच उरत नाही. लेखी करार नाही, कामाचे तास ठरलेले नाहीत, पैसे कधी मिळतील माहीत नाही. अशा ठिकाणी 'झीरो टॉलरन्स' असं कितीही मोठ्या अक्षरांत लिहा, काय उपयोग?

आता आक्षेपांकडे येते. दर प्रशिक्षणात, साधारण विसाव्या मिनिटाला, मागच्या रांगेतून एक हात वर होतो. मॅडम, खोट्या तक्रारींचं काय? हा प्रश्न उडवून लावू नये असं माझं मत आहे. विचारणारा प्रत्येक जण वाईट हेतूनं विचारत नाही. खोटी तक्रार होऊ शकते, आणि झाली तर त्या माणसाचं नुकसान खरं असतं. कायद्यानं त्याचा विचार केलेला आहे. कलम १४ नुसार तक्रार दुष्ट हेतूनं किंवा खोटी आहे हे माहीत असून केली असं चौकशीत ठरलं, तर कारवाई होऊ शकते. पण तेच कलम पुढे स्पष्ट सांगतं की तक्रार सिद्ध करता आली नाही, एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. हे दुसरं वाक्य बहुतेक कंपन्यांच्या स्लाइडवर नसतं. पहिलं असतं, लाल अक्षरांत. बायका ते वाचतात आणि काय समजायचं ते समजतात.

आणि खरं तर ज्याला खोट्या तक्रारीची भीती वाटते त्यानं माझ्या मुद्द्याला सगळ्यात आधी पाठिंबा द्यायला हवा. ओव्हरटाइमची यादी फळ्यावर लावलेली असेल, कुणाला का घेतलं याचा निकष लिहिलेला असेल, मूल्यमापनावर दोघांच्या सह्या असतील, तर सरळ वागणाऱ्या सुपरवायझरला उलट संरक्षणच मिळतं. त्याला सांगता येतं, हे बघा, हिला का बोलावलं नाही ते इथे लिहिलं आहे. अंधारातला अधिकार दोघांनाही घातक असतो. पण एक खरं की त्यातला फायदा एकालाच होतो, आणि म्हणूनच तो सोडवत नाही.

दुसरा आक्षेप व्यवस्थापनाकडून येतो, तोही अभिमानानं: आमच्याकडे पाच वर्षांत एकही तक्रार नाही. मला हे ऐकलं की काळजी वाटते. पाचशे बायका काम करतात आणि पाच वर्षांत एकीलाही काही सांगावंसं वाटलं नाही? एखाद्या गावच्या दवाखान्यात वर्षभर एकही रुग्ण आला नाही, तर आपण गाव निरोगी आहे म्हणत नाही, डॉक्टर येतो का ते बघतो. २०२५ पासून कंपन्यांना संचालक मंडळाच्या अहवालात किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, आणि नव्वद दिवसांपेक्षा जास्त काळ किती पडून आहेत हे आकडे द्यावे लागतात. ही चांगली गोष्ट आहे. पण 'निकाली' म्हणजे काय झालं हे त्या आकड्यातून कळत नाही. मी पाहिलेली ती डायरीसुद्धा त्याच आकड्यात मोजली गेली आहे. तक्रारदार बाई आज नोकरीत आहे का, एवढा एक रकाना त्यात हवा. तक्रारीनंतर एक वर्षानं ती कुठे आहे आणि तो कुठे आहे, एवढं लिहायला लागलं की बरंच काही उघड होईल.

तक्रारीची मुदत हीसुद्धा एक अडचण आहे. घटनेपासून तीन महिने, समितीनं लेखी कारण नोंदवून वाढवली तर आणखी तीन. ज्या बाईला आधी घरी सांगायचं असतं, मग स्वतःला समजवायचं असतं, मग दुसरी नोकरी मिळते का ते बघायचं असतं, तिला सहा महिने पुरत नाहीत. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये एका विधि विद्यापीठाच्या कुलगुरूंविरुद्धची तक्रार मुदतीबाहेरची म्हणून सर्वोच्च न्यायालयातही टिकली नाही. न्यायालयानं मात्र त्या निकालाचा उल्लेख कुलगुरूंच्या बायोडेटात कायम राहावा असा आदेश दिला. न्यायाधीशांनाही काहीतरी सलत असल्याशिवाय असा आदेश निघत नाही. मुदत किमान एक वर्ष करावी, आणि हाताखाली काम करणाऱ्या बाईच्या बाबतीत ती त्या माणसाच्या अधिकाराखालून बाहेर पडल्यापासून मोजावी, असं माझं मत आहे.

समित्यांबद्दल एक गोष्ट मला प्रामाणिकपणे सांगायला हवी. मला मानधन कंपनीच देते. नियमात बाह्य सदस्याला दिवसाला २०० रुपये आणि प्रवासखर्च असा उल्लेख आहे, काही कंपन्या त्याहून बरेच जास्त देतात. पुढच्या वर्षी मला बोलवायचं की नाही हेही कंपनीच ठरवते. म्हणजे माझ्याही डोक्यावर एक सही आहे. समितीतल्या आतल्या सदस्यांचं तर विचारूच नका. अकाउंट्समधली ज्युनिअर मुलगी प्लांट हेडची चौकशी कशी करणार? दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीनं जानेवारी २०१३ मध्ये हेच म्हटलं होतं. कंपनीच्या आतल्या समितीऐवजी बाहेरचं स्वतंत्र न्यायाधिकरण असावं अशी त्यांची शिफारस होती. काही आठवड्यांनी संसदेनं कायदा केला तो आतल्या समितीचाच. न्यायमूर्ती वर्मा म्हणजे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल सर्वोच्च न्यायालयानं १९९७ मध्ये दिलेल्या 'विशाखा' निकालाच्या खंडपीठाचे प्रमुख. आतल्या समितीची कल्पना ज्या निकालातून आली, त्याच न्यायाधीशांनी सोळा वर्षांनी ती पुरेशी नाही असं सांगितलं, आणि ते ऐकलं गेलं नाही.

'विशाखा' हे नाव प्रशिक्षणात सगळे घेतात. ते ज्या बाईमुळे आलं तिच्याबद्दल एखादी स्लाइड असते, तीही घाईत पुढे जाते. भंवरी देवी राजस्थानातल्या भटेरी गावच्या, कुंभार समाजातल्या. सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' म्हणून त्या तुटपुंज्या मानधनावर काम करायच्या. बालविवाह थांबवणं हे त्यांना सरकारनं दिलेलं काम होतं. ते काम त्यांनी गावातल्या वरचढ जातीच्या घरात केलं, म्हणून १९९२ च्या सप्टेंबरमध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये खालच्या न्यायालयानं आरोपींना बलात्काराच्या आरोपातून निर्दोष सोडलं. महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या त्या फक्त शिक्षा मागायला नव्हे. ही बाई कामावर होती, तर तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी कुणाची, असा त्यांचा प्रश्न होता. त्यातून मार्गदर्शक तत्त्वं आली. ती पाळली जात नाहीत म्हणून पुण्याच्या मेधा कोतवाल लेले यांना पुन्हा न्यायालयात जावं लागलं, त्याचा निकाल २०१२ मध्ये लागला. आणि मग कायदा आला.

तो कायदा आज सगळ्यात नीट कुठे पाळला जातो? काचेच्या इमारतींत. आणि ज्या बाईच्या रक्तातून तो आला, तिच्यासारख्या बायका कुठे आहेत? आशा ताई रात्री-अपरात्री बाळंतिणीला घेऊन दवाखान्यात जातात. घरकाम करणारी मावशी रोज चार अनोळखी बंद दारांच्या आत शिरते. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या आस्थापनेला अंतर्गत समिती लागत नाही, तिथल्या बाईनं जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. मालकाविरुद्धच तक्रार असली तरीही तिकडेच. घरकामगारांच्या बाबतीत तर स्थानिक समिती, तथ्य दिसलं तर, सात दिवसांत तक्रार पोलिसांकडे पाठवते. म्हणजे जिला पोलीस नकोत म्हणून समितीकडे यावंसं वाटलं, तिच्या वाट्याला शेवटी पोलीस चौकीच.

आणि स्थानिक समिती तरी कुठे आहे? २०२४ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा तारखा घालून द्याव्या लागल्या: या कायद्यासाठीचे जिल्हा अधिकारी ३१ डिसेंबरपर्यंत नेमा, स्थानिक समित्या ३१ जानेवारी २०२५ पर्यंत स्थापन करा, तालुक्यांना तक्रारी घेऊन स्थानिक समितीकडे पाठवणारे नोडल अधिकारी द्या. अकरा वर्षं जुन्या कायद्याच्या मूलभूत तरतुदीसाठी तारखा! तुमच्या तालुक्याचा नोडल अधिकारी कोण आहे, हे तहसील कार्यालयात जाऊन विचारून बघा. मी दोन तालुक्यांत विचारलं. एका ठिकाणी मला बालविकास प्रकल्पाच्या कार्यालयात पाठवलं, तिथून परत तहसीलला.

आता ऊसतोडीचं बघू, कारण सहीचा प्रश्न तिथे सगळ्यात उघडा पडतो. मराठवाड्यातून दरवर्षी लाखो माणसं तोडीला जातात. हिशोब 'कोयत्या'वर होतो, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावावर, व्यवहार मजुरांची टोळी आणणारा मुकादम आणि नवऱ्यात. ती बाई पहाटे चारला उठते, उसाच्या फडात मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते, पण कागदावर कुठेच नसते. मग तिचा मालक कोण? कारखाना म्हणतो, आमचा करार मुकादमाशी. मुकादम म्हणतो, मी तर मध्यस्थ. फडातल्या कोपीला, म्हणजे राहायच्या झोपडीला, दार नसतं, आंघोळीला आडोसा नसतो, उसाच्या मागे जाताना कुणी पाठोपाठ येईल का ही धास्ती रोजची. त्रास देणारा मुकादम असेल तर उचल फिटेपर्यंत तिथून निघताही येत नाही. ज्याच्याकडे कर्ज, त्याच्याकडेच काम, आणि परत गावी नेणारी गाडीही त्याचीच. इतक्या सगळ्या सह्या एका माणसाकडे दुसऱ्या कुठल्या धंद्यात असतील असं मला वाटत नाही.

कायद्याची व्याख्या मात्र या बाईला बाहेर ठेवत नाही. रोजंदारीवरची, हंगामी, ठेकेदारामार्फत आलेली, मुख्य मालकाला माहीत असो वा नसो, ती कर्मचारीच आहे. कामाच्या निमित्तानं जिथे जावं लागतं ती जागा आणि मालकानं दिलेलं वाहन हे कामाचं ठिकाणच आहे. म्हणजे फड आलाच, आणि ट्रॅक्टरसुद्धा. तेव्हा कारखान्यांना काय करता येईल? करारात बाईचं नाव वेगळं लिहावं आणि तिच्या वाट्याचे पैसे तिच्या खात्यात जावेत. टोळीचा हिशोब मुकादमाबरोबर कारखान्याच्या शेतकी विभागातल्या माणसानंही पंधरवड्याला तपासावा, आणि तो बायकांना वाचून दाखवावा. मुक्कामाच्या जागी आडोसा, दिवा आणि स्वच्छतागृह द्यावं. त्रास झाला तर उचल शिल्लक असतानाही दुसऱ्या टोळीत जायची मुभा असावी, आणि ती उचल कशी वळती करायची ते कारखान्यानं बघावं. या चारांपैकी शेवटची मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण निघून जाता येतं हे माहीत असलेल्या बाईशी माणूस वेगळा वागतो.

गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतं. त्याच्या कितीतरी आधी, पावसाळ्यातच, कारखाने आणि मुकादम यांचे करार होतात आणि उचलीचं वाटप सुरू होतं. त्या करारांत ही कलमं घालायला संसदेची गरज नाही, कारखान्याच्या संचालक मंडळाचा एक ठराव पुरतो. यंदाचे करार व्हायच्या आधी किती कारखाने तो ठराव करतात, हे सभासद शेतकऱ्यांनी वार्षिक सभेत उभं राहून विचारावं.